रात्री उकडणाऱ्यांसाठी गादी: जेल, लॅटेक्स, स्प्रिंग की कापूस?

दुकानातल्या 'कूल जेल' गादीवर तळहात ठेवला की गार लागतं आणि गिऱ्हाईक तिथंच विरघळतं. तोच हात दहा-पंधरा मिनिटं तसाच दाबून ठेवा. गारवा ओसरतो. कोणतीही गादी स्वतः थंडी तयार करत नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता रात्रभर बाहेर पडत असते. जेल त्यातली थोडी शोषून घेतं, मग तेच तापतं, आणि खाली जाड फोम असल्यामुळे ती उष्णता पुढे कुठे जात नाही. मध्यरात्री कूस बदलून गार जागा शोधावी लागते ती यामुळे. तेव्हा हाताला गार लागण्यापेक्षा अंगाखालची ऊब आणि घाम यांना बाहेर पडायला वाट आहे का, हे बघायचं.

मेमरी फोम या कसोटीला सगळ्यात कमी उतरतो. १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांची गादी म्हणून तो तयार झाला, आणि उष्णतेनं मऊ होणं हाच त्याचा गुण. अंगाच्या उबेनं तो मऊ पडतो, शरीर आत रुततं, फोम चारी बाजूंनी चिकटतो आणि हवेची फट उरत नाही. मे महिन्यात खोलीच रात्री ३० अंशांच्या वर असेल तर तो आणखी मऊ होतो आणि माणूस आणखी रुततो. वजन जास्त असेल तर हा त्रास वाढतो. रोज एसी लावून झोपणार असाल आणि मेमरी फोमचा थर इंच-दीड इंचाचाच असेल तर चालेल. पंख्यावर भागवणाऱ्या घरात तीन इंची थर घेऊ नये, लेबलवर बर्फाचे कितीही स्फटिक छापलेले असोत.

लॅटेक्स हा रबराच्या चिकाचा फोम. साच्यात सुयांमुळे पडलेली भोकं त्यात आरपार असतात आणि तो दाबाला लगेच उसळून परत येतो, त्यामुळे अंग आत न रुतता वरच राहतं. फोमच्या जातीत उकाड्याला हाच बरा. पण फसवणूकही इथंच जास्त. वर एक इंच लॅटेक्स, खाली साधा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा रीबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे चिकटवून दाबलेली लादी), आणि नाव मात्र 'लॅटेक्स गादी'. ओळखायला वजन पुरतं. चांगलं लॅटेक्स घनमीटरला ८० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ७२ बाय ३६ इंचांची, सहा इंच जाडीची अख्खी लॅटेक्स गादी साधारण २० किलोची हवी. ३२ डेन्सिटीच्या, म्हणजे घनमीटरला ३२ किलोच्या पीयू फोमची तेवढीच गादी आठ किलोंवर थांबते. मात्र रीबॉन्डेड फोम जड असतो आणि वजन फुगवतो. म्हणून कव्हरची चेन उघडून कडेचे थर बघायचेच. चेनच नसेल तर दुकानदाराकडे कापलेला नमुना मागा. लॅटेक्सला ऊन मात्र दाखवू नका, ते पिवळं पडून भुगा होतं.

पॉकेट स्प्रिंगची गादी, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली, आतून बरीचशी पोकळ असते, कूस बदलली की आतली हवा हलते. पंख्यावर झोपणाऱ्या जोडप्यासाठी आमची पहिली पसंती हीच. अट एकच: वरचा थर दीड-दोन इंचांपेक्षा जाड नको. 'युरो टॉप', 'पिलो टॉप' अशा नावांखाली चार इंच फोम चढवला की स्प्रिंगचा सगळा फायदा त्याखाली गाडला जातो.

काथ्याच्या गादीला हल्ली कोणी विचारत नाही, ते थोडं अन्यायाचं आहे. रबर फवारलेल्या नारळाच्या काथ्यातून हवा छान खेळते. ती कडक लागते, काही वर्षांनी मध्ये बसते, काथ्याचा भुसा पडतो, हे खरं. मऊपणासाठी वर फोमचा थर चिकटवलेली घेतली तर उकाडाही सोबत येतो.

आणि कापूस. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पिंजून भरलेली गादी अजूनही हार जात नाही. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत सहज धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घाम अंगावर साचत नाही. एकेरी गादीला १० ते १२ किलो कापूस लागतो. भरताना समोर उभं राहा. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यात मिसळल्या तर गादी लवकर गोळे धरते, आणि गोळे धरलेली, दबलेली गादी गरमच होते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घ्यावी लागते, अधूनमधून ऊन द्यावं लागतं. कोकणात आणि मुंबईत हेच गणित उलटतं. चार महिने ऊन नाही, कापूस ओल धरतो आणि कुबट वास सुटतो. दमट हवेत घाम मुळात वाळतच नाही, तिथं ओलावा शोषणाऱ्या गादीपेक्षा हवा खेळती ठेवणारी स्प्रिंग किंवा भोकांचं लॅटेक्स उजवं.

गादी बरोबर निवडूनही उकडत असेल तर आधी प्रोटेक्टर, म्हणजे गादीवर चढवायचं संरक्षक कव्हर, काढून एक रात्र झोपा. प्लॅस्टिकच्या अस्तराचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाम अडवून ठेवतो. लहान मूल असेल आणि तो लागतच असेल, तर टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याचा, वरून सुती टेरी कापडाचा घ्या. चादर साध्या विणीची सुती, २०० थ्रेड काउंटच्या (चौरस इंचातले धागे) आसपासची पुरे. ६००-८०० काउंटची चकचकीत सॅटीन दाट विणीची, म्हणून गरम. गादीवर गवताची चटई टाकून झोपायची जुनी रीत मागासलेली वाटली तरी चोख आहे, अंगाखाली हवेचे पोकळ पट्टे राहतात.

दुसरा दोषी पलंग. सामान ठेवायच्या हायड्रॉलिक बेडची सलग प्लायवूड फळी खालून हवा पूर्ण बंद करते. सुताराकडून त्या फळीला दर सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. कोकणात हे न केल्यास पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते. पट्ट्यांचा पलंग असेल तर पट्ट्यांमध्ये दोन ते तीन इंचांची फट ठेवा. त्याहून जास्त असेल तर फोम खाली लोंबतो.

ऑनलाइन विकणाऱ्या काही कंपन्या १०० रात्रींची ट्रायल देतात. परत न्यायला गाडी आपल्या पिनकोडवर येते का आणि त्याचे पैसे कापतात का, हे आधी लेखी घ्या. मुख्य म्हणजे ही गादी नोव्हेंबरात मागवू नका. थंडीत मेमरी फोमही सुखाचा वाटतो आणि ट्रायल फेब्रुवारीत संपून जाते. मार्चच्या शेवटी मागवली तर एप्रिल आणि मे तिच्यावर झोपून बघता येतात.