गूगल आणि मेटा: मक्तेदारी कुणाची, आणि तक्रार कधी टिकते?

चप्पल लाईनमधल्या दुकानाचा पत्ता गूगल मॅप्सवर, जाहिरात इन्स्टाग्रामवर आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर. कोल्हापुरातला बराच धंदा आता असा चालतो. म्हणून जाहिरात महागली की स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जावंसं वाटतं. पण त्याआधी या दोन कंपन्यांचे निकाल शेजारी ठेवून वाचा.

गूगलला अमेरिकेत न्या. अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी सर्चमधली मक्तेदार ठरवलं. सुमारे नव्वद टक्के हिस्सा हे अर्धंच कारण होतं. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं राहावं यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. शोधणारे लोकच मिळाले नाहीत तर प्रतिस्पर्ध्याचं सर्च सुधारणार कसं? खरा घाव तिथे बसतो.

मेटा, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी, मात्र अमेरिकेतल्याच मक्तेदारीच्या खटल्यातून १८ नोव्हेंबर २०२५ रोजी सुटली. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं, बाजार फक्त मित्र-नातेवाइकांशी जोडणाऱ्या ॲप्सचा धरा. न्या. बोसबर्ग यांनी त्यात टिकटॉक आणि यूट्यूबही धरले, आणि आजची मक्तेदारी सिद्ध झाली नाही. सगळी चप्पल लाईन एकाच मालकाने घेतली, तर ‘कोल्हापुरी चपले’च्या बाजारात तो मक्तेदार, बाजार ‘पायताणां’चा धरला तर शहरातल्या अनेक दुकानदारांपैकी एक. बाजाराची ही आखणीच खटला जिंकते किंवा हरवते. टिकटॉकवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लावणं चूक ठरेल.

आपल्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ नुसार मोठं असणं गुन्हा नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई आहे. प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची ॲप्सही फोनमध्ये बसवा, या सक्तीसह इतर अटींबद्दल अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटींचा दंड झाला. मेटालाही नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटींचा झाला, कारण व्हॉट्सॲपचं २०२१ चं गोपनीयता धोरण ‘मान्य करा नाहीतर ॲप सोडा’ असं होतं. इथे बाजार धरला होता मेसेजिंग ॲप्सचा. त्यामुळे तीच कंपनी तिकडे सुटली आणि इकडे अडकली, यात विसंगती नाही.

तुमच्या एकट्याचं खातं बंद पडलं असेल तर आयोगाकडे जाऊ नका, तो वाद वैयक्तिक ठरतो. नुसती दरवाढ दाखवूनही भागत नाही, कारण या जाहिरातींचे दर लिलावातून ठरतात. अट सगळ्याच विक्रेत्यांवर लादलेली असेल, एका सेवेसाठी दुसरी गळ्यात मारली जात असेल, तर प्रकरणात दम आहे. कराराच्या अटी, नोटिसा तारखांसकट ठेवा. कोणता पर्याय वापरून पाहिला आणि गिऱ्हाईक तिकडे का आलं नाही, हेही लिहा. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. आयोगाकडची तक्रार, कायद्याच्या भाषेत ‘माहिती’ अर्ज, कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत करायची असते.