स्टिअरिंग रॅक: नवा घ्यावा की रिबिल्ट?

स्पोर्ट्स कारचा हायड्रॉलिक रॅक (तेलाच्या दाबाच्या मदतीने चाकं वळवणारा स्टिअरिंगचा भाग) घरीच बदलायचा म्हटलं की नवा की रिबिल्ट (जुनाच, सील वगैरे बदलून दुरुस्त केलेला), इथेच गाडी अडते. मेहनत दोन्हीत सेमच, बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम (खालची आधाराची चौकट) खाली घ्यावी लागते, टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारे सांधे) काढताना आटे मोजून ठेवा, स्टिअरिंग व्हील बांधून ठेवा नाहीतर ते फिरून क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या एअरबॅग-हॉर्नची गुंडाळलेली वायर) तुटते, आणि शेवटी व्हील अलाइनमेंट आहेच. पैशात रिबिल्ट स्वस्त. पण टिकणं सगळं रॅकच्या आतल्या दांड्यावर, बूट (त्यावरचं रबरी आवरण) सरकवून बघाच, गंजाचे बारीक खड्डे दिसले तर नवं सीलही लवकर फाटणार, तेल गळणार आणि तेच सगळं काम परत.

गाडी ट्रॅकवर पळवत असाल तर नवाच घ्या. फक्त सुट्टीला बाहेर काढता आणि दांडा गुळगुळीत आहे? मग रिबिल्ट खुशाल चालेल.