मराठी शाळांसाठी वाचन कार्यक्रम: कोणता घ्यावा, काय तपासावं

जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर वाचन कार्यक्रमांची कोटेशनं येऊन पडतात. बहुतेकांवर ‘संशोधनाधारित’ असं ठळक छापलेलं असतं. संशोधन कोणत्या भाषेतल्या मुलांवर झालं आणि त्यातलं या संचात काय आलंय, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

सगळ्यात जास्त फसगत इंग्रजी फोनिक्सवरून (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीवरून) उतरवलेल्या संचांत होते. मराठीत मूल अडतं ती ठिकाणं वेगळी. घ-ध आणि भ-म यांत गोंधळ होतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, आवाज मात्र नंतर येतो. आणि सगळ्यात अवघड र: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या, चार शब्दांत त्याची चार रूपं. जोडाक्षरं एका पानात उरकणारा संच कितीही रंगीत असला तरी परत पाठवावा.

पारख करायला पाच मिनिटं पुरतात. पहिलं वाचनपुस्तक उघडा आणि इथपर्यंत कोणती अक्षरं शिकवली, ते विचारा. क, म, ल, र आणि काना झाला असेल, तर पानावर ‘मामा’, ‘काका’, ‘कमल, काम कर’ असंच काही हवं. तिथेच ‘घोडा’ असेल, तर मूल चित्र बघून ‘घोडा’ म्हणतं आणि बाईंना वाटतं, वाचता आलं. चित्रावर हात ठेवून पुन्हा वाचायला सांगा, लगेच कळेल. क-ख-ग-घ याच क्रमाने जाणाऱ्या संचांत ही अडचण हमखास येते, कारण त्या क्रमात पहिले कित्येक आठवडे वाचण्याजोगे शब्दच तयार होत नाहीत.

तिसरी ते पाचवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी आमची पहिली पसंती ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या पातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीला. चाचणी एकेका मुलाची, तोंडी. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद द्यायचा. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द; पाचपैकी चार बरोबर आले नाहीत तर अक्षरं. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. या पद्धतीचे प्रयोग यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडतीने निवडलेल्या शाळांची इतर शाळांशी तुलना करून, तपासले गेलेत आणि त्यांतली शाळांना सर्वांत उपयोगी गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: बिहारमध्ये नुसतं साहित्य वाटून वाचन सुधारलं नाही. हरियाणात रोजचा एक तास याच कामासाठी राखला, वर देखरेख ठेवली, तेव्हा फरक पडला. म्हणून वेळापत्रकात तो तास निघत नसेल तर कोणताच कार्यक्रम विकत घेऊ नका, पैसे वाया जातील.

वाचायला लागलेल्या मुलांसाठी मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ उत्तम आहे. २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर, चार पातळ्या, डाउनलोड आणि छपाईला परवानगी, सगळं मोफत. मर्यादा एकच. पातळी ठरते ती गोष्टीच्या लांबीवर आणि भाषेच्या सोपेपणावर, शिकवलेल्या अक्षरांवर नाही. पहिल्या पातळीच्या पुस्तकातही जोडाक्षर भेटू शकतं. त्यामुळे अक्षरगटातल्या मुलांना ही पुस्तकं बाईंनी वाचून दाखवावीत. परिच्छेद वाचणाऱ्यांच्या हातात मात्र खुशाल द्यावीत.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह. काही कार्यक्रम अर्थ सोडून नुसतं घड्याळ लावतात. वाचून झाल्यावर प्रश्नच विचारत नसतील, तर तो वेगाचा आकडा धरू नका.

करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सुरुवातीची चाचणी पैसे देण्याआधी, दुसरी दिवाळीच्या सुट्टीआधी, आणि दुसऱ्या चाचणीतही अक्षरांवरच अडलेल्या मुलांसाठी वर्गात येऊन कोण काम करणार, आठवड्यातून किती वेळा.