मर्यादित खर्चातले नवे स्वयंपाकघर: तयार कपाटे आणि त्यांची जोडणी, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

काम पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याने अभिप्राय मागितला होता, परंतु मी मुद्दाम थांबले. नवी दारे पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच छान दिसतात. कपाटाची खरी परीक्षा पाणी, वाफ, तेलकट हात आणि भरलेल्या डब्यांचे वजन यांच्याशी रोज गाठ पडू लागल्यावर होते. आता चौदा महिने झाले आहेत आणि माझे मत पक्के आहे: कपाटे घेतलेल्या पैशांच्या मानाने उत्तम निघाली, जोडणी मात्र वाईट झाली. जोडणीतल्या चुका वेळीच लक्षात आल्या नसत्या, तर चांगली कपाटेही वाया गेली असती.

आमच्या हाती असलेली रक्कम ठरलेली होती आणि ती वाढवण्याची सोय नव्हती. त्यामुळे सगळे काम सुताराकडून घडवून घेण्याऐवजी आम्ही कारखान्यात कापून, कडा चिकटवून आणि भोके पाडून सुट्या भागांत येणारी तयार मापाची कपाटे घेतली. त्यांचा सांगाडा १८ मिमी जाडीच्या, पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळ्यांचा आहे आणि त्यावर मेलामाइनचा कडक थर चढवलेला आहे. सिंकखालचे कपाट तेवढे आम्ही जास्त पैसे मोजून जलरोधक प्लायवूडमध्ये मागवले आणि हा निर्णय अगदी योग्य ठरला.

पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, याचा विचार आम्ही फार बारकाईने केला. दुकानात सर्वांचे लक्ष दारांकडे जाते, आणि विक्रेतेही आधी ॲक्रिलिकची चकचकीत दारेच दाखवतात. पण दार चार स्क्रू काढून केव्हाही बदलता येते. सांगाडा बदलायचा झाला, तर आधी ओट्याचा दगड उचलावा लागतो, आणि दगड एकदा चिकटवल्यावर तो अखंड उचलला जाईलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून आम्ही साध्या लॅमिनेटची दारे निवडली आणि वाचलेले पैसे बिजागऱ्या व ड्रॉवरचे चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या, यांवर खर्च केले. ओट्याखाली सगळीकडे ड्रॉवर करणे परवडणारे नव्हते. जड भांडी जिथे ठेवायची होती त्या एकाच कपाटात पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलचे तीन ड्रॉवर घेतले आणि बाकी सगळीकडे साधे कप्पे ठेवले. कोपऱ्यातल्या कपाटासाठी सुचवलेली फिरती जाळी नाकारली. तिच्या किमतीत दोन साधी कपाटे येत होती.

या तयार कपाटांचा एक गुण मला खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो, आणि विक्रेत्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता. आतल्या बाजूंच्या फळ्यांवर ५ मिमी व्यासाच्या भोकांची रांग असते आणि दोन भोकांतले अंतर ३२ मिमी असते. दारातली बिजागरीची वाटी ३५ मिमी व्यासाच्या खोबणीत बसते. ही मापे पुष्कळ उत्पादक पाळतात, त्यामुळे सांगाडा एकाचा आणि बिजागऱ्या दुसऱ्याच्या असे करता येते. आम्ही विक्रेत्याच्या संचातल्या बिजागऱ्या घेतल्याच नाहीत; हळू बंद होणाऱ्या, दुसऱ्या उत्पादकाच्या बिजागऱ्या वेगळ्या विकत घेतल्या आणि त्या जराही खाडाखोड न करता बसल्या. उद्या एखादी तुटली, तर मूळ विक्रेत्याच्या दारात जाण्याची गरज नाही.

मांडणी ठरवताना आम्ही जमिनीवर खडूने आखणी करून चार दिवस त्यातच वावरलो. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज साधारण ४ ते ७.९ मीटर असावी, हा संकेत १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात झालेल्या अभ्यासातून रूढ झाला. आमच्या अरुंद खोलीत ही बेरीज ४ मीटरपेक्षा कमी भरते. त्याची मला सुरुवातीला काळजी वाटत होती. पण ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी जर्मनीतल्या घरांसाठी १९२६ मध्ये आखलेले प्रसिद्ध फ्रँकफर्ट किचन जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, आणि तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. एक माणूस काम करत असेल तर लहान जागा अडचणीची ठरत नाही. दोघे एकदम उभे राहिले की मात्र आमच्याकडे ड्रॉवर उघडता येत नाही, हे मान्य करायला हवे.

ओट्याच्या उंचीबद्दल मी हट्ट धरला आणि तो धरल्याचे समाधान आहे. काम करण्याची पातळी कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली असली तर खांदे वर उचलावे लागत नाहीत. माझे कोपर जमिनीपासून एक मीटरवर येते, म्हणून आम्ही ८७० मिमी उंची ठरवली: १२० मिमीचे पाय, ७२० मिमीचा सांगाडा आणि ३० मिमी जाडीची दगडाची कड. दगड ग्रॅनाइटचा घेतला. कृत्रिम क्वार्ट्‌झ दिसायला अधिक एकसारखा असतो, पण त्यात वजनाने सुमारे ९० टक्के क्वार्ट्‌झचे कण आणि बाकी राळ असते. तापलेले भांडे थेट ठेवले तर त्या राळेवर कायमचा डाग पडू शकतो, आणि आमच्या घरात गरम भांडे थेट ओट्यावर येणार नाही अशी हमी देणे अशक्य होते.

आता जोडणीविषयी. विक्रेत्याने पाठवलेले दोघे कारागीर सकाळी आले आणि त्यांनी दुपारपर्यंत सगळे सांगाडे उभे केले. त्या वेगाचे मला कौतुक वाटले, पण ते फार वेळ टिकले नाही. आमच्या खोलीची जमीन एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत २८ मिमी चढलेली आहे. कपाटांचे पाय फिरवून १०० ते १५० मिमीपर्यंत कमी-जास्त होतात, म्हणून सुरुवात जमिनीच्या सर्वांत उंच ठिकाणापासून करायची असते. तिथे १२० मिमी पाय ठेवला असता तर खालच्या कोपऱ्यात तो १४८ मिमी झाला असता आणि सगळे सरळ रेषेत आले असते. त्यांनी जमीन मोजलीच नाही. दाराजवळच्या खालच्या कोपऱ्यात पाय १२० मिमीवर ठेवून ते पुढे सरकत गेले. शेवटच्या कपाटाला ९२ मिमीचा पाय हवा होता, आणि पाय तर १०० च्या खाली जातच नाही. ते कपाट ८ मिमी वर राहिले. दगड बसला की उतार डोळ्यांना कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मी लेव्हलची पट्टी वर ठेवली, तेव्हा तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन टेकला होता. ओट्यावर सांडलेले पाणी कायम शेगडीकडून दाराकडे वाहत राहणार होते. मी काम थांबवले.

नंतर चौकशी केल्यावर समजले की त्यांचा मेहनताना कपाटांच्या संख्येवर ठरलेला होता. जमीन मोजण्यात गेलेल्या तासाचे पैसे त्यांना कोणी देत नाही. त्यामुळे माझा राग त्या दोघांवर नसून, असा व्यवहार ठरवून ग्राहकाकडून मात्र ‘तज्ज्ञ जोडणी’चे वेगळे पैसे घेणाऱ्या विक्रेत्यावर आहे.

ओळखीतले एक अनुभवी सुतार दोन दिवस आले आणि त्यांनी सगळी रांग उंच कोपऱ्यापासून पुन्हा लावली. त्यांनी प्रत्येक सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून काटकोन तपासला, ओळंबा सोडून भिंत पाहिली आणि वरच्या कपाटांच्या पट्टीचे दोन स्क्रू केवळ गिलाव्यात अडकले असल्याचे दाखवून दिले. ती कपाटे भांड्यांसकट खाली आली असती. दारे सारखी करण्याचे कामही त्यांनी मला शिकवले. बिजागरीवर एक स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, दुसरा आत-बाहेर आणि तिसरा वर-खाली. दार उघडे धरून पहिला स्क्रू पाव फेरा फिरवायचा, दार मिटून दोन दारांमधली फट वरून खालपर्यंत पाहायची आणि मग दुसऱ्या बिजागरीला हात लावायचा. वजनाने दारे थोडी उतरतातच. मी आता दर काही महिन्यांनी हे काम स्वतः करते.

एक चूक मात्र सुतारांच्याही नजरेतून सुटली आणि ती पाच महिन्यांनी उघडी पडली. सिंकचा सांडपाण्याचा पाइप शेजारच्या कपाटाच्या बाजूच्या फळीतून जातो. विक्रेत्याच्या कारागिरांनी तिथे गोल भोक पाडले आणि त्याची कड तशीच उघडी ठेवली. मेलामाइनच्या पृष्ठभागातून पाणी आत जात नाही, परंतु कापलेल्या कडेला भुसा उघडा पडतो. या बोर्डातला नेहमीचा युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक ओलाव्यात टिकत नाही, आणि फुगलेला भुसा वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. पाइपावर बाहेरून साचणाऱ्या दवाइतके पाणी त्याला पुरले. एके दिवशी त्या कपाटातला डबा काढताना फळी बोटांना खडबडीत लागली. भोकाभोवती दोन बोटे रुंदीचे वर्तुळ फुगले होते आणि नखाने दाबले की भुसा हातात येत होता. पाइप ओवण्याआधी कडेला वॉर्निश किंवा इपॉक्सीचे दोन हात दिले असते तर हे टळले असते. त्याला दहा मिनिटे लागतात.

दगड आणि भिंत यांच्या फटीत विक्रेत्याच्या कारागिरांनी व्हिनेगरसारख्या वासाचे, म्हणजे आम्ल सोडणारे सिलिकॉन भरले होते, तेही आम्ही खरवडून काढले. दगडासाठी न्यूट्रल, म्हणजे असे आम्ल न सोडणाऱ्या प्रकारचे आणि बुरशीरोधक सिलिकॉन वापरावे लागते.

विक्रेत्याच्या बाजूने एवढे नोंदवायला हवे की छायाचित्रे पाठवल्यावर फुगलेल्या फळीच्या जागी नवी फळी अकरा दिवसांत विनामूल्य आली, आणि तिची भोके जुन्या फळीशी तंतोतंत जुळली. ती बदलण्याची मजुरी मात्र त्यांनी नाकारली. पुन्हा वेळ आली तर याच विक्रेत्याकडून मी कपाटे घेईन, पण जोडणी मुळीच घेणार नाही. ते पैसे सुतारांच्या दोन दिवसांसाठी बाजूला ठेवीन. शिवाय विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात नळ सरकवणे, विजेचे नवे पॉइंट आणि जुना ओटा काढल्यावर उखडलेली फरशी यांचा उल्लेखच नव्हता. आमच्या एकूण खर्चाचा जवळपास सहावा हिस्सा त्यांत गेला.

नव्या फळीतल्या भोकाची कड बसवण्याआधी मी स्वतः इपॉक्सीने भरली आणि पाइपाभोवती रबराची चकती घातली. दर महिन्याला डबे बाजूला काढून त्या जागी बोट फिरवून पाहते. आठ महिने झाले, ती कड गुळगुळीत आणि कोरडी आहे.