ब्राउझरचं लाल पान आणि मेलमधला व्हायरसचा इशारा: कुठला मानायचा, कुठला सोडून द्यायचा

मालवण-देवगड पट्ट्यात होमस्टे चालवणाऱ्यांचे आणि आंब्याच्या ऑर्डरी मेलवर घेणाऱ्या बागायतदारांचे कॉम्प्युटर मी बघतो. ब्राउझरने साइट अडवली काय किंवा मेलमध्ये 'व्हायरस' हा शब्द दिसला काय, उपाय एकच ठरलेला असतो: मशीन दुकानात न्यायचं आणि फॉरमॅट मारून आणायचं. बहुतेक वेळा त्याची काहीही गरज नसते. वर पाहुण्यांचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली जातात त्या जातातच.

हे दोन इशारे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल असतात. ब्राउझर बोलतो तो साइटबद्दल आणि तिथपर्यंतच्या जोडणीबद्दल. मेलचा इशारा असतो एखाद्या फाइलबद्दल किंवा पाठवणाऱ्याबद्दल. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, असं दोघांपैकी कोणीही सहसा म्हणत नसतं. दोन्हीकडे खऱ्या इशाऱ्यांसारखेच दिसणारे खोटे इशारेही येतात. ओळखायची खूण अशी की खरा इशारा तुम्हाला थांबवतो, खोटा तुमच्याकडून काहीतरी करून घेतो. नंबरवर फोन करा, बटण दाबा, अॅप टाका, पैसे भरा, आणि तेही लगेच.

ब्राउझरचा इशारा

'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं पान आलं की आधी एवढंच बघा: एकच साइट अडतेय की सगळ्याच? तीच साइट मोबाइल डेटावर फोनमध्ये उघडून बघा. सगळ्याच अडत असतील तर दोष तुमच्या मशीनमध्ये किंवा वायफायमध्ये आहे. एकच अडत असेल आणि फोनवरही अडत असेल तर दोष त्या साइटचा.

सगळ्याच साइट अडण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे घड्याळ. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर (साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यावर) 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते तुमच्या मशीनच्या तारखेशी ताडून बघतो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालावर जातं. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते तेव्हा ही तक्रार हमखास येते. एका होमस्टेच्या काकींनी मला बोलावलं ते "भाऊ, ह्या काय इला?" असं विचारत. बँक, बुकिंग, जीमेल, सगळीकडे लाल. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी, साल कितीतरी मागचं. तारीख नीट केली, पान ताजं केलं, सगळं उघडलं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि तारीख पुन्हा मागे, म्हणून मग सेल बदलला. इशाऱ्याच्या पानावर बारीक अक्षरात 'डेट इनव्हॅलिड' असा कोड असेल किंवा तुमचं घड्याळ मागे असल्याचं क्रोम स्वतःच सांगत असेल, तर आधी तारीख बघा.

दुसरं कारण अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस सुरक्षित साइटची तपासणी करताना मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घालतात. मुदत संपली किंवा तो अर्धवट काढला गेला की ब्राउझर त्यावर विश्वास ठेवत नाही. तो कंपनीच्या रिमूव्हल टूलने पूर्ण काढायचा. हॉटेलच्या वायफायवर लॉगिन पान येण्याआधीही असाच इशारा दिसतो. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनवर मात्र सेटिंग बदलून उपयोग नाही. अनेक साइटना फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट त्या फोनमध्ये नाही, आणि ज्या जुन्या सहीच्या आधाराने काम चालत होतं तिची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली.

एकच साइट अडत असेल तर बहुधा त्यांनी सर्टिफिकेटचं नूतनीकरण केलेलं नसतं. छोट्या संस्थांच्या साइटवर हे आता जास्त दिसेल, कारण १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून २०० दिवसांवर आली आहे आणि २०२९ मध्ये ती ४७ दिवस होणार आहे. थांबा, त्यांना कळवा. 'तरीही पुढे जा' दाबायची जागा फार थोडी आहे: आपल्याच राउटरचं पान, किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवरच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर मंजुरी मागतं तेव्हा. पासवर्ड, ओटीपी किंवा कार्ड जिथे घालायचं तिथे कधीच नाही. बँकेच्या बाबतीत आणखी एक बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तेव्हा पत्त्याचा शेवट तोच आहे ना हे वाचा.

पूर्ण लाल रंगाचं 'डेंजरस साइट' हे पान वेगळं. ते गूगलच्या सेफ ब्राउझिंगचं असतं आणि त्यात वाद घालू नका. ते तुमच्याच होमस्टेच्या साइटवर दिसत असेल तर साइट हॅक झाली असण्याची शक्यता मोठी आहे. ती साफ करून गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या टूलमधून फेरतपासणी मागावी लागते.

आता खोटं पान. सायरन वाजतो, पडदा भरून मायक्रोसॉफ्टचं नाव आणि खाली फोन नंबर. खऱ्या ब्राउझरच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ४, तरीही नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' याला नाही म्हणा. उजव्या कोपऱ्यात सारखं '५ व्हायरस सापडले' येत असेल तर कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलीय. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढा, काम संपलं. एवढ्यासाठी फॉरमॅटचे पैसे घेतलेले मी पाहिलेत आणि मला त्याचा राग येतो.

मेलचा इशारा

मेलमध्ये इशारा कोणी दिलाय हे आधी बघा. जीमेलने स्वतः अटॅचमेंट उतरवू दिलं नाही किंवा मेलच्या वर पट्टी दाखवली तर तो खरा. धोका दारातच अडलाय, तुम्हाला फक्त मेल काढून टाकायचाय. अँटिव्हायरसने 'क्वारंटाइन' केलं असं सांगितलं तरी तेच: फाइल वेगळी ठेवली गेलीय.

मेलच्या मजकुरातच 'तुमच्या मेलबॉक्समध्ये व्हायरस आहे, २४ तासांत खात्री करा' असं असेल तर ते पासवर्ड काढून घेण्याचं जाळं आहे. हंगामात आणखी एक प्रकार येतो. मोठ्या ऑर्डरचा मेल, सोबत झिप, आणि झिपचा पासवर्ड त्याच मेलमध्ये. पासवर्ड लावलेल्या झिपमधल्या फाइली जीमेलला उघडून तपासता येत नाहीत, म्हणून तो लावलेला असतो. एरवी ईएक्सई फाइल (उघडताच चालू होणारा प्रोग्राम) जीमेल येऊच देत नाही, आणि फेब्रुवारी २०१७ पासून जेएस ही स्क्रिप्टची फाइलही नाही. त्या झिपच्या आत 'ऑर्डर.पीडीएफ.ईएक्सई' असते, पण विंडोज शेवटचा भाग लपवतो आणि तुम्हाला दिसते साधी पीडीएफ. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' चालू करून ठेवा. खरा गिऱ्हाईक पेट्या हव्यात हे मेलमध्ये लिहील किंवा फोन करेल.

'तुम्ही पाठवलेला मेल व्हायरसमुळे परत आला' असा मेल आला आणि तुम्ही काही पाठवलंच नसेल तर सेंट फोल्डर बघा. तिथे काही नसेल तर बहुधा कोणीतरी तुमचा पत्ता फक्त प्रेषक म्हणून खोटा लावलाय. असेल, किंवा फिल्टर-फॉरवर्डिंगमध्ये अनोळखी पत्ता दिसला, तर खातं दुसऱ्याच्या हातात आहे. पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री) लावा, बाकीची उपकरणं लॉगआउट करा.

पैसे घालायचे तर कुठे

घरच्या एका मशीनला विंडोज ११ मध्ये आधीपासूनच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरतो. दुकानात चार जण एकच कॉम्प्युटर वापरत असतील, पेनड्राइव्ह फिरत असतील, तर विकतचा घ्या, पण दोन एकत्र नकोत. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यावर महागडा अँटिव्हायरस लावण्यापेक्षा ते पैसे नव्या विंडोजकडे आणि बॅकअपच्या हार्ड डिस्ककडे जाऊ द्या. शंका असेल तर भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर साफसफाईची टूल्स फुकट आहेत.

संशयित फाइल उघडली गेलीच असेल तर नेट तोडा, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर स्कॅन नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.