तयार ‘कॅक्टस मिक्स’ची पिशवी: घ्या, पण तशीच कुंडीत ओतू नका

पिशवीवर कॅक्टसचं झकास चित्र आणि खाली घटकांची यादी: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे), वाळू, निंबोळी पेंड. प्रमाण मात्र कुठेच छापलेलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. पाच किलोची पिशवी घमेल्यात ओतली की चॉकलेटी, भुसभुशीत, हाताला गार लागणारा ढीग पडतो. त्यात परलाइटचे पांढरे दाणे चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांसारखे, शोधावे लागतात. निम्म्याहून जास्त माल कोकोपीट. मनीप्लँटला उत्तम. मॅमिलेरियासारख्या कॅक्टसला किंवा एचिव्हेरियासारख्या सक्युलंटला (पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडाला), तेही जून ते सप्टेंबरात, हे मिश्रण म्हणजे मुळं कुजवायची सोय.

शिवाय माल किलोवर विकला जातो. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं, त्यामुळे ओलसर पिशवीत आपण पाण्याचेही पैसे मोजतो. लिटरमध्ये माप छापलेली पिशवी मिळाली तर तीच घ्यावी.

पारख सोपी आहे. मूठभर मिश्रण भिजवून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर ते सक्युलंटचं मिश्रण नव्हे. बोट लावताच विस्कटलं पाहिजे. या पिशवीचा लाडू चांगला वळतो. चार इंची कुंडीत पेलाभर पाणी ओतलं तर ते काही सेकंदांत तळाच्या भोकातून बाहेर यायला हवं. इथे ते आधी वर साचतं. याची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. कोकोपीट पार वाळलं की आक्रसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या ताटलीत ठेवूनच भिजवावी लागते.

म्हणून ही पिशवी हे तयार मिश्रण न समजता मिश्रणातला एक घटक समजावा. दहा लिटर मिश्रणासाठी पिशवीतला माल ३ लिटर, विटांचे तुकडे ४ लिटर, क्रशरवरची दगडी कच २ लिटर आणि लोणारी कोळशाचा चुरा १ लिटर. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत पिशवीचा माल २ लिटरवर आणून विटा ५ लिटर कराव्यात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो ४ लिटर आणि विटा ३ लिटर चालतील. लिथॉप्सला (खड्यांसारखी दिसणारी बुटकी सक्युलंट) मात्र एक लिटरसुद्धा पुष्कळ. वरून खत घालायची गरज नाही. निंबोळी पेंड पिशवीत आधीच असते. आणखी घातली तर ओल्या मिश्रणावर पांढरी बुरशी धरते.

खरी मेहनत विटेची. वीट पक्की भाजलेली हवी, दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणीत वाजणारी. कच्ची वीट दोन पावसाळ्यांत चिखल होते. पाडलेल्या भिंतीचा रोडा फुकट मिळतो, पण त्याला सिमेंट आणि चुना चिकटलेला असतो. त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, मुळांना लोह उचलता येत नाही आणि नवी वाढ पिवळी पडते. वीट गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी म्हणजे तुकडे उडत नाहीत. मग दोन चाळण्या: ज्वारीच्या दाण्याहून बारीक ते खाली जाऊ द्यायचं, हरभऱ्याहून मोठं ते पुन्हा फोडायचं. मधला माल पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. हा धुण्याचा टप्पा हमखास गाळला जातो, आणि मग लालभडक भुकटी खाली बसून कुंडीचं भोक बुजवते. फोडताना आणि कोरडं परलाइट हाताळताना नाकाला रुमाल बांधा.

दगडी कच जड असते आणि पाणी धरत नाही. वीट थोडं पाणी पोटात ठेवते आणि हळूहळू सोडते. म्हणून दोन्ही हवेत. समुद्राची रेती नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो. शेतातली काळी माती तर चिमूटभरही नको: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळी बारीक मुळांचे हाल.

तळाला खडीचा थर घालायचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वर अडून बसतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरे.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. तो तसाच ठेवून भोवती कितीही चांगलं मिश्रण भरलं तरी फायदा नाही. काडीने हलकेच सोडवून काढावा, मुळांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजून मुळं धुवावीत, सावलीत वाळवावीत. लावल्यावर पाच-सात दिवस पाणी नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा भरू द्याव्यात. हे काम पाऊस सरल्यावर करावं, अडेनियमचं (‘डेझर्ट रोझ’चं) फेब्रुवारी-मार्चमध्ये.

पिशवीला पाचपैकी अडीच गुण. एक गुण ख्रिसमस कॅक्टसमुळे: ही मुळात झाडांच्या खोडांवर वाढणारी जात, तिला हेच मिश्रण थोडं परलाइट घालून मानवतं. लाल-पिवळ्या डोक्याच्या कलमी कॅक्टसचंही तसंच. खालचं हिरवं खोड ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतलं असतं, त्याला इतरांपेक्षा जरा जास्त ओल चालते. पिशवी आणलीच असेल तर पहिला वाटा या दोघांचा.