तुरुंगातील व्यसनोपचार सेवा आणि सुटकेनंतरचा पाठपुरावा: एका बहिणीचा अनुभव

माझा धाकटा भाऊ अकरा महिने कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता आणि त्यांपैकी नऊ महिने तो तेथील व्यसनोपचार विभागाचा पेशंट होता. सुटल्यानंतर त्याचे उपचार बाहेरच्या एका केंद्रात पुढे चालू राहतील, असे आम्हाला आधीपासून सांगण्यात आले होते. विभागाचे आणि केंद्राचे नाव मी देत नाही, कारण तेथील माणसांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि माझी तक्रार व्यक्तींविषयी नसून व्यवस्थेविषयी आहे. ज्यांचे माणूस आज आत आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आत गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला शेवटची नशा कधी, कशाची आणि किती केली, हे विचारण्यात आले. प्रश्न साधा वाटला, तरी त्यावर जीव अवलंबून असतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि औषध वेळेवर न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. गर्द, म्हणजे हेरॉइन, अचानक बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाने, म्हणजे टर्कीने, सहसा जीव जात नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी आटत असताना कोणी लक्षच दिले नाही, तर तीही जिवावर बेतते. माझ्या भावाने मात्र या प्रश्नाला ‘काही नाही’ असे खोटे उत्तर दिले, कारण आपले उत्तर पोलिसांच्या कागदांत जाईल आणि खटल्यात आपल्याच विरुद्ध वापरले जाईल, अशी त्याला भीती होती. ही माहिती डॉक्टरांपुरतीच राहते, एवढे एक वाक्य त्याला त्या वेळी कोणी सांगितले असते, तर दोन महिने वाचले असते. त्या दोन महिन्यांत कधी टर्की अंगावर काढत, तर कधी बराकीत चोरून पोहोचणारा माल घेत तो राहिला.

उपचार सुरू झाल्यानंतरच्या काळाविषयी मात्र चांगलेच लिहिले पाहिजे. त्याला गर्दाच्या व्यसनावरच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी दिली जात असे. सकाळी पेशंटांची रांग लागे, सिस्टर प्रत्येकाची गोळी स्वतः जिभेखाली ठेवायला लावत आणि मग सगळ्यांनी बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून गोळी पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, न बोलता आणि पाणी न पिता बसायचे. शेवटी सिस्टर बॅटरीचा उजेड तोंडात टाकून “जीभ वर करा” म्हणत आणि खात्री झाल्यावरच बराकीकडे जाऊ देत. हा प्रकार मला सुरुवातीला अपमानास्पद वाटला होता. पुढे भावाने सांगितले, की गोळी गालात लपवून बाहेर आणून दे, म्हणून त्याच्यावर बराकीतल्या दोघांनी दबाव आणला होता आणि “बॅटरी मारून बघतात” हे एकच उत्तर त्याच्या कामी आले. ज्या तपासणीला मी अविश्वास समजत होते, तिनेच त्याचे औषध त्याच्यापाशी राहू दिले.

एका नशेऐवजी दुसरी नशा देतात, असाही माझा समज होता. कुटुंबीयांच्या बैठकीत समुपदेशक मॅडमनी तो अतिशय शांतपणे दूर केला. मेंदूत गर्द ज्या ठिकाणी जाऊन बसते, त्याच ठिकाणी हे औषध बसते, पण अर्धवट काम करते. त्यामुळे तलफ आणि टर्की दोन्ही आवरतात, ठरलेल्या मात्रेत किक मिळत नाही, आणि एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नसल्याने श्वास मंदावण्याचा धोकाही कमी राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन आणि याच उपचारात वापरले जाणारे मेथाडोन या दोन्ही औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, ही गोष्ट मला त्याच बैठकीत कळली. त्या विभागात माझ्या भावाला कोणीही गर्दुल्ला म्हटले नाही, सगळे पेशंटच म्हणत. गटचर्चा मात्र पहाऱ्याला माणूस नसला की रद्द होत आणि असे वारंवार होत असे.

खरी उणीव फाटकाशी आहे. भावाचा जामीन एका शुक्रवारी मंजूर झाला आणि सायंकाळी सात वाजता तो बाहेर आला. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कपडे, बंद पडलेला मोबाइल आणि न्यायालयाचा कागद होता; औषध नव्हते आणि कोणती मात्रा चालू आहे याची चिठ्ठीही नव्हती. सुटकेची तारीख आधी ठाऊक असलेल्या शिक्षाबंद्यांसाठी विभाग चिठ्ठी तयार ठेवतो, पण कच्चा कैदी कधी सुटेल हे कोणालाच माहीत नसल्याने त्याच्यासाठी कसलीही तयारी नसते. बाहेरचे केंद्र सोमवारपर्यंत बंद होते.

सुटकेनंतरचे पहिले दिवस किती धोक्याचे असतात, याचा पुरावा कधीचाच उपलब्ध आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे १२.७ पट, तर मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका १२९ पट आढळला. याचे मुख्य कारण असे, की आत असताना नशेची सवय तुटते आणि शरीराची सहनशक्ती उतरते, पण माणसाला आठवते ती जुनीच मात्रा, आणि पूर्वी जेमतेम पुरणारी ती मात्रा आता श्वास थांबवू शकते.

माझ्या भावाला शुक्रवारी सकाळी शेवटची गोळी मिळाली होती. ब्युप्रेनॉर्फिन शरीरात बराच काळ टिकत असल्याने शनिवार निभावला. रविवारी दुपारी तो सारख्या जांभया देऊ लागला, नाक वाहू लागले आणि उकाडा असूनही त्याच्या दंडांवर काटा उभा राहिला. संध्याकाळी तो म्हणाला, “ताई, दार बाहेरून लाव.” मी दार लावले नाही, रात्रभर उंबऱ्यात बसून राहिले. सोमवारी केंद्र उघडण्याआधीच आम्ही तेथे पोहोचलो, तर चिठ्ठीशिवाय जुनी मात्रा देता येणार नाही, असे सांगण्यात आले. तेथील डॉक्टरांनी स्वतः तुरुंगात फोन लावला आणि तीन तासांनी उत्तर आल्यावर गोळी दिली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, पण एका भल्या डॉक्टरांच्या फोनवर कोणाचा जीव अवलंबून राहावा, हे मला मान्य नाही.

हे दुसरीकडे सुधारले गेले आहे, म्हणूनच मी आग्रहाने लिहीत आहे. ऱ्होड आयलंड या छोट्या अमेरिकी राज्याने २०१६ पासून तुरुंगात ही औषधे देण्यास आणि सुटणाऱ्यांना बाहेरच्या केंद्रांशी जोडून देण्यास सुरुवात केली. नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्यांपैकी अतिमात्रेने दगावणाऱ्यांची संख्या २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होती, ती पुढच्या वर्षीच्या त्याच काळात ९ वर आली. स्कॉटलंडमध्ये २०११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तुरुंगातून बाहेर पडणाऱ्यांना नॅलोक्सोन देतात. अतिमात्रेने थांबू लागलेला श्वास या औषधाने परत सुरू होऊ शकतो आणि थोडे शिकवल्यास घरचे माणूसही ते देऊ शकते. शुक्रवारच्या सुटकेची अडचण ओळखून इंग्लंड आणि वेल्ससाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि शुक्रवारी सुटका येणाऱ्यांना एक-दोन दिवस आधी सोडण्याची मुभा मिळाली. बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतही बंद्यांच्या व्यसनोपचारात खंड पडू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

पाचपैकी गुण द्यायचे झाले, तर आतल्या उपचारांना मी चार देईन आणि सुटकेच्या वेळच्या व्यवस्थेला एकही देणार नाही. बाहेरच्या केंद्राला तीन, कारण एकदा नोंदणी झाल्यावर त्यांनी आजपर्यंत एकही दिवस चुकू दिलेला नाही, पण त्यांची वेळ सकाळी दहा ते बारा अशी असल्याने माझ्या भावाला मिळालेली एक नोकरी सोडावी लागली.

मी लेखी तक्रार केल्यानंतर विभागाने प्रत्येक कच्च्या कैद्याला न्यायालयात नेताना त्याच्या चालू मात्रेची चिठ्ठी सोबत देण्याचे मान्य केले आहे. ती रोज दिली जातेच असे नाही. म्हणून तुमच्या माणसाची तारीख असेल, तर आदल्या भेटीतच समुपदेशकांना सांगून चिठ्ठी मागून ठेवा, तिच्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची गोळी दिल्याची तारीख आहे ना ते पाहा, आणि बाहेरच्या केंद्राला सुट्टी कोणत्या दिवशी असते ते आधीच विचारून घ्या.